विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही: त्सुमागो गावाचं प्रकरण

१९७१ साली जपानच्या नागानो प्रांतात, किसो नदीच्या खोऱ्यातल्या एका डोंगरी गावानं आपल्या घरांबद्दल तीन गोष्टी ठरवल्या. घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. जपानीत हे तीन शब्द आहेत: उरानाई, कासानाई, कोवासानाई. गावाचं नाव त्सुमागो. वारसा जतनाबद्दल जपानमध्ये कुठेही चर्चा निघाली की हे नाव पहिल्या पाच मिनिटांत येतंच, आणि ते यायलाच हवं.

पण त्सुमागोची गोष्ट सांगताना बहुतेक जण शेवटाकडून सुरुवात करतात. जुनी लाकडी घरं, दगड ठेवलेली छपरं, तारा नसलेला रस्ता, सगळं चित्रासारखं. मग लोकांना वाटतं, गाव सुंदर होतं म्हणून जपलं गेलं. खरं तर साठच्या दशकात इथे येऊन कुणी हे गाव पाहिलं असतं, तर त्याला सुंदर म्हणायची हिंमत झाली नसती. भिंती झुकलेल्या, छपरांवर पत्रे ठोकलेले, तरुण माणसं शहरात निघून गेलेली. या अवस्थेतून गाव वर आलं हे विशेष आहेच. मला त्याहून मोलाचं वाटतं ते नंतरचं: गावाला किंमत आल्यावर गावकरी कसे वागले.

रस्ता आला, रस्ता गेला

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तोकुगावा घराण्यातल्या शोगुनांनी, म्हणजे सम्राटाच्या नावानं देश चालवणाऱ्या लष्करी सत्ताधीशांनी, एदो, म्हणजे आजचं टोकियो, आणि क्योतो यांना जोडणारे राजमार्ग लावून घेतले. त्यातला डोंगरातून जाणारा मार्ग नाकासेंदो. लांबी सुमारे ५३० किलोमीटर, वाटेत मुक्कामाची ६९ ठाणी, आणि एदोकडून मोजलं तर त्सुमागो बेचाळिसावं. सरदारांना, म्हणजे दाइम्योंना, ठरावीक काळ एदोत हजर राहावं लागे. त्यांचे लवाजमे या वाटेनं येत-जात. प्रत्येक ठाण्यानं सरकारी कामासाठी हमाल आणि घोडे सज्ज ठेवायचे असा दंडक होता. नाकासेंदोवर इतरत्र ५० माणसं आणि ५० घोडे, पण किसोतली गावं लहान म्हणून त्यांना २५ आणि २५ वर सूट दिलेली. एवढ्या एका आकड्यावरूनही कळतं की ही ठाणी आधीपासूनच हातातोंडाची गाठ घालणारी होती.

सरदारांसाठी मुख्य वाडा असे, त्याला होनजिन म्हणत. त्याच्या जोडीचा दुय्यम वाडा तो वाकी-होनजिन. साध्या वाटसरूंसाठी वेगळ्या खोल्या. १८६१ मध्ये राजकन्या काझुनोमिया शोगुनशी लग्न करण्यासाठी क्योतोहून एदोला गेली ती याच मार्गानं. त्यानंतर सात वर्षांत शोगुनशाहीच संपली. सरदारांच्या वाऱ्या त्याआधीच ढिल्या झाल्या होत्या. आता ठाण्यांची व्यवस्थाही मोडीत निघाली.

मग रेल्वे आली. चुओ मार्ग १९११ मध्ये पूर्ण झाला, तो किसो नदीच्या कडेनं. त्सुमागो नदीपासून आत, एका उपनदीच्या बाजूला. सगळ्यांत जवळचं स्टेशन तीन-साडेतीन किलोमीटर लांब. मोटारीचा मोठा रस्ताही नदीकाठानंच गेला. अडीचशे वर्षं ज्या गावातून राज्य चालत गेलं, त्या गावाला रातोरात कुणी विचारेनासं झालं.

घरं वाचली ती याच कारणानं, हे मान्य करायला हवं. ज्या गावांतून आगगाडी गेली तिथे पैसा आला, आणि पैसा आला की जुनं घर पाडून नवं बांधलं जातं. त्सुमागोकडे पाडायला पैसेच नव्हते. कोळसा पाडणं, रेशमाचे किडे, जंगलातली मजुरी यावर चार पिढ्या काढल्या. १९५० नंतर घराघरांत गॅस आणि तेल आलं, लाकडी कोळशाचा धंदा बसला, आणि माणसं नागोयाच्या कारखान्यांकडे निघाली. १९६१ मध्ये आसपासची तीन खेडी मिळून नागिसो नावाची नगरपालिका झाली. त्सुमागो तिचा एक कोपरा.

मंडळी आधी भांड्यांपासून सुरू झाली

जतनाचं काम घरांपासून सुरू झालंच नाही. साठच्या दशकाच्या मध्यात गावातल्या काही शिक्षकांनी आणि पालकांनी माळ्यावर पडलेली जुनी अवजारं, कागदपत्रं, भांडी गोळा करायला सुरुवात केली. घरं रिकामी होत होती, भंगारवाले फिरत होते, आणि सामान गाडीभर निघून चाललं होतं. या गोळा करण्याचा उपयोग वस्तूंपेक्षा बोलण्यासाठी जास्त झाला असणार, असं मला वाटतं. आजीची चरखी शाळेत मांडली, तिच्याखाली घराचं नाव लिहिलं, की त्या घराबद्दल बोलणं निघतंच.

१९६७ मध्ये गावातला वाकी-होनजिन, ओकुया, लोकांना पाहण्यासाठी खुला झाला. याबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण सगळ्या प्रकरणाची किल्ली या वाड्यात आहे.

किसोचं जंगल ओवारी या मोठ्या सरदारकीच्या ताब्यात होतं. तिथली पाच जातींची झाडं, त्यात पहिलं हिनोकी, म्हणजे जपानी सायप्रस, सामान्यांना तोडायला सक्त मनाई. 'एक झाड, एक मुंडकं' ही म्हण त्या काळातली, आणि ती शब्दशः घ्यायची. म्हणजे जगातल्या उत्तम इमारती लाकडाच्या रानात राहायचं, आणि आपल्या घराला मात्र ते वापरायचं नाही. शोगुनशाही गेली आणि बंदी उठली. ओकुयाच्या मालकांनी जुना वाडा उतरवून १८७७ मध्ये संपूर्ण हिनोकीचा नवा वाडा बांधला. इतकी वर्षं नजरेसमोर होतं ते अखेर हाती आलं, आणि बांधणाऱ्याचा तो आनंद तुळईतुळईत दिसतो.

आत शिरलं की माजघराच्या मध्यभागी जमिनीत खणलेली चौकोनी चूल आहे, इरोरी. तिच्यात आजही रोज विस्तव असतो. वर धुराडं नाही. धूर खांबांवरून, तुळयांवरून फिरत छपराच्या पोटातून बाहेर जातो. त्यानं लाकूड काळंभोर झालंय, आणि किडीला त्या काजळीचं वावडं. जमिनीच्या फळ्या पुसून पुसून अशा गुळगुळीत झाल्यात की चुलीतल्या निखाऱ्याची लाली त्यांत उतरते. हिवाळ्यात सूर्य खाली आला की उंच खिडकीच्या उभ्या गजांतून ऊन आत पडतं, आणि धुरामुळे त्याचे सरळ पट्टे हवेतच उभे राहिलेले दिसतात. आज हा वाडा राष्ट्रीय महत्त्वाची सांस्कृतिक मालमत्ता म्हणून नोंदलेला आहे. ती नोंद २००१ ची. म्हणजे लोकांनी दार उघडल्यावर सरकारी शिक्का यायला चौतीस वर्षं गेली.

रोजचा विस्तव हा जतनाचा भाग आहे, हे ओकुयात कुणी समजावून सांगावं लागत नाही. ज्या लाकडी घरात माणूस राहत नाही, चूल पेटत नाही, ते घर आतून ओलं होत जातं. कुलूप लावून सुरक्षित ठेवलेला वाडा दहा वर्षांत बुरशी आणि वाळवीच्या ताब्यात जातो. त्सुमागोतली मंडळी जतनाला निघाली तेव्हा त्यांना हे शिकावं लागलं नसणार, त्यांच्या घरीच ते चालू होतं.

गरिबांच्या ओळीपासून

१९६८ हे मेइजी पुनःस्थापनेचं, म्हणजे शोगुनशाही जाऊन सम्राटाची सत्ता परत आली त्या घटनेचं, शताब्दी वर्ष. शताब्दी म्हटली की सभागृहं आणि स्मारकं उभी राहतात. नागानो प्रांतानं आपल्या शताब्दी निधीतला वाटा त्सुमागोच्या दुरुस्तीला दिला. पाहणी केली टोकियो विद्यापीठातले वास्तुइतिहासकार ओता हिरोतारो यांनी. नगरपालिकेच्या बाजूनं घरोघरी फिरणारा माणूस होता कोबायाशी तोशिहिको. तो याच गावचा, आणि पुढे कित्येक वर्षं या चळवळीचा कणा राहिला.

काम सुरू कुठून करायचं, हा पहिला प्रश्न. सोपं उत्तर होतं: वाड्यांपासून. पण सुरुवात झाली तेराशिता भागापासून. तेराशिता म्हणजे 'देवळाखालचं'. कोतोकुजी मंदिराच्या पायथ्याशी असलेली लहान घरांची रांग. तीन वर्षांत तिथली वीसहून अधिक घरं उतरवून पुन्हा उभी केली किंवा दुरुस्त केली. त्यात सरदाराचा वाडा एकही नव्हता. कामि-सागाया हे त्यातलं एक घर. अठराव्या शतकाच्या मध्याचं, किचिन-यादो प्रकारचं. किचिन म्हणजे लाकडाचे पैसे. वाटसरू शिधा स्वतःचा आणायचे, स्वतः शिजवायचे आणि मालकाला फक्त जळणाचं मोल द्यायचे. ज्याच्याजवळ तेवढंच असायचं तो इथे झोपायचा.

त्या काळात जतन म्हणजे बहुतेक वेळा राजवाडा, देऊळ, किल्ला. एकट्या, भव्य, नावाजलेल्या इमारतीला संरक्षण मिळायचं. जपानचा १९५० चा सांस्कृतिक मालमत्ता कायदाही होर्युजी मंदिराच्या भित्तिचित्रांना १९४९ मध्ये आग लागल्यावर आलेला, त्याची नजर मुख्यतः एकेका मौल्यवान वस्तूवर. जळणाचे पैसे घेणारी धर्मशाळा त्या नजरेत बसत नाही. त्सुमागोनं आग्रह धरला की एकेकटं घर किरकोळ असेल, पण ओळ किरकोळ नाही. मला हा निर्णय या प्रकरणातला सगळ्यांत शहाणा निर्णय वाटतो. त्यामुळे वाडेवाल्यांचं आणि गावाचं हित वेगळं झालं नाही. ज्याच्याकडे सगळ्यांत कमी होतं, त्याचं घर पहिल्यांदा नीट झालं.

दुरुस्ती म्हणजे काय, तेही जवळून पाहण्यासारखं. घर सुटं करायचं. प्रत्येक खांबावर खूण करायची, खाली उतरवायचा, आणि मग वाचायचा. होय, वाचायचा, कारण जुना खांब हा दप्तरासारखा असतो. जिथे आता नुसती भिंत आहे तिथे खांबात बुजवलेली खाच दिसली, तर तिथे कधीतरी आडवी दांडी होती. उंबऱ्यात झिजलेली पन्हळ दिसली, तर तिथे सरकतं दार होतं. एका बाजूनं लाकूड काळं आणि दुसऱ्या बाजूनं पांढुरकं, म्हणजे ती बाजू उन्हापावसात होती, तिकडे अंगण. सुतार आणि अभ्यासक मिळून अशा खाचाकुसवांवरून घराचं जुनं रूप काढायचे. कुजलेला बुडखा कापून तेवढाच नवा तुकडा सांधायचा, अख्खा खांब बदलायचा नाही. रस्त्याकडचा वरचा मजला पुढे काढलेला, समोर दाट उभ्या गजांची जाळी, छपराला लाकडाच्या पातळ फळ्या आणि त्यांवर वाऱ्यानं उडू नयेत म्हणून नदीतले गोटे. शिवाय विजेचे खांब रस्त्यावरून हटवून तारा घरांच्या मागून नेल्या.

इथे एक आक्षेप आहे आणि तो खराही आहे. जुनं रूप काढताना मधली पन्नास-साठ वर्षं पुसली गेली. विसाव्या शतकात कुणी काचेची दारं लावली होती, कुणी दुकानाचा पुढचा भाग बदलला होता. तोही त्या घराचा इतिहासच. तो बाजूला सारून गाव एका विशिष्ट काळात नेऊन ठेवलं. पुढे १९९५ मध्ये मेइजी काळात नाहीसा झालेला होनजिनही जुन्या आराखड्यावरून नव्यानं बांधला. ओकुयात उभं राहिल्यावर जे वाटतं ते नव्या होनजिनमध्ये वाटणं शक्य नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये. मला ही पुनर्बांधणी पटत नाही. जे पडलं ते पडलं, त्याची मोकळी जागाही काहीतरी सांगत असते. पण तेराशितातल्या घरांबाबत मी हा आक्षेप रेटणार नाही. पत्रा मारलेलं, गळणारं घर त्याच अवस्थेत जपा असं त्यात राहणाऱ्याला सांगायचा हक्क कुणाला आहे?

बरकत आणि तीन नकार

१९७० च्या ऑक्टोबरात जपानच्या राष्ट्रीय रेल्वेनं 'डिस्कव्हर जपान' मोहीम काढली. त्याच वर्षी 'आन-आन' आणि पुढच्या वर्षी 'नॉन-नो' ही तरुण मुलींची मासिकं निघाली, आणि त्यांत त्सुमागोची चित्रं येऊ लागली. मासिक हातात घेऊन जुनी गावं धुंडाळणाऱ्या मुलींना जपानीत 'आन-नॉन झोकू' असं नावच पडलं. ज्या रस्त्यावर दहा वर्षांपूर्वी कुत्रं फिरकत नव्हतं, तिथे सुटीच्या दिवशी चालायला जागा उरेना.

गर्दीमागून पैसा आला. शहरातल्या लोकांना इथे दुकान हवं होतं, खानावळ हवी होती, सुटीचं घर हवं होतं. ज्या घराला काल फुकट घ्यायला कुणी तयार नव्हतं, त्याला आज गिऱ्हाईक होतं. मालक बहुतेक म्हातारे, मुलं शहरात, दुरुस्तीनं थकलेले. विकणं त्यांच्या दृष्टीनं अगदी रास्त होतं.

गावाची खरी परीक्षा इथे होती. गरिबीत घर पडण्याची भीती होती. बरकतीत घर हातचं जाण्याची भीती आली. पहिल्या भीतीवर निधी आणि सुतार हा उपाय आहे. दुसऱ्या भीतीवर निधी चालत नाही, कारण ती भीती निधी आल्यामुळेच तयार होते. १९६८ मध्येच गावातल्या सगळ्या कुटुंबांची मिळून 'त्सुमागोवर प्रेम करणारी मंडळी' अशा अर्थाच्या नावाची संस्था झाली होती. १९७१ मध्ये तिनं रहिवाशांची सनद काढली आणि त्यात ते तीन नकार लिहिले.

क्रम पाहण्यासारखा आहे. पाडायचं नाही, हे कुठल्याही जतनवाल्याच्या तोंडी पहिलं असतं. त्सुमागोनं ते शेवटी ठेवलं. विकायचं नाही हे पहिलं. कारण घर एकदा बाहेरच्या मालकाकडे गेलं की पाडायचं की नाही हा निर्णयही त्याच्याबरोबर गेला. भाड्यानं देणं हा त्याच वाटेवरचा अर्धा टप्पा. मालकी नावाला राहते आणि घराचा वापर परका माणूस ठरवतो. बाहेरच्या भांडवलाला गावानं दार बंद केलं ते माणूसघाणेपणानं नाही. इथे जे मिळेल ते इथेच राहावं आणि जे बिघडेल त्याची लाज इथल्यालाच वाटावी, हा त्यामागचा विचार होता.

या सनदेला न्यायालयात काही किंमत नव्हती. कुणी घर विकलं असतं तर त्याला रोखणारा कायदा नव्हता. तरी ती टिकली, आणि कशी टिकली हे समजून घेण्यासारखं आहे. संस्थेनं एक नियंत्रण समिती नेमली. गावात कुणालाही घरात फेरफार करायचा असेल, पाटी लावायची असेल, दुकान काढायचं असेल, तर अर्ज आधी या समितीपुढे. समितीत बसणारे शेजारीच. नगरपालिकेचा कागद त्यानंतर. आपल्या घराच्या खिडकीबद्दल साहेबाशी भांडणं वेगळं आणि रोज दिसणाऱ्या शेजाऱ्याला समजावणं वेगळं. साहेबाकडून सुटता येतं.

शिवाय गर्दीचा पैसा थोड्यांच्या खिशात जाऊन उरलेले बघत राहिले असते तर सनद वर्षभरात फाटली असती. इथे वाहनतळ संस्थेच्या हाती आला, आणि त्याचं उत्पन्न जतनाच्या कामाला लागलं. ज्याचं रस्त्यावर दुकान नाही त्यालाही गर्दीतून काही मिळालं ते असं. दिवसा मुख्य रस्त्यावर गाड्या बंद. चार वाजले की पाहुणे पांगतात, आणि रस्ता पुन्हा राहणाऱ्यांचा होतो.

कायदा मागून आला

१९७४ मध्ये त्सुमागो, नारा प्रांतातलं इमाइ-चो आणि नागोयातलं आरिमात्सु या तीन ठिकाणच्या मंडळींनी एकत्र येऊन जुन्या वस्त्यांची देशव्यापी संघटना काढली. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, जपाननं सांस्कृतिक मालमत्ता कायदा बदलला आणि 'पारंपरिक इमारतींच्या समूहाचं जतनक्षेत्र' असा नवा प्रकार आणला. तेराशिताच्या रांगेनं जे सात वर्षं आधी सांगितलं होतं, की मोल ओळीचं आहे, ते आता कायद्याच्या भाषेत आलं.

या कायद्याची घडण मला फार आवडते. केंद्रानं वरून येऊन क्षेत्र जाहीर करायचं नाही. आधी नगरपालिकेनं लोकांशी बोलून हद्द आखायची, स्वतःचे नियम करायचे. मग अर्ज करायचा. मग केंद्र त्यातून निवड करणार. घराचं बाहेरचं रूप नियमांत बांधलेलं, आतमध्ये माणसानं आपल्या सोयीनं राहावं. दुरुस्तीला अनुदान. १९७६ मध्ये पहिल्या सात क्षेत्रांची निवड झाली: हागीतली दोन, क्योतोतली दोन, काकुनोदाते, शिराकावातलं ओगिमाची आणि त्सुमागो. आज अशी क्षेत्रं १२० हून अधिक आहेत.

त्सुमागोच्या क्षेत्राचा आकार १,२४५ हेक्टर. घरांची रांग किलोमीटरभराच्या आतच संपते. मग एवढी जमीन कशाला? आजूबाजूची भातखाचरं, ओढे आणि समोरचे डोंगर, रस्त्यातून नजर जाईल तिथपर्यंत सगळं क्षेत्रात घेतलं. म्हणून ओकुयाच्या दारातून वर पाहिलं तर डोंगरावर हॉटेल दिसत नाही. घरं जपून मागचं रान विकणारी गावं थोडी नाहीत. किसोत रान आणि घर वेगळं काढताच येत नाही. ज्या हिनोकीसाठी कधी मुंडकी पणाला लागली ते रान इथल्या प्रत्येक खांबाचं माहेर आहे.

शेजारच्या मागोमेशी तुलना करून पाहावी. त्सुमागोहून खिंड ओलांडून आठेक किलोमीटर चाललं की मागोमे. तेही ठाणं, तोच मार्ग, तसेच पाहुणे. पण १८९५ आणि १९१५ च्या आगींत मागोमे जळून गेलं आणि नव्यानं उभं राहिलं. आज ते टुमदार आहे, चढावर दगडी फरसबंदी आहे, माणसं आवडीनं जातात. तिथून निघून पायवाटेनं त्सुमागोत उतरणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि मधे जुन्या चहाघरात वाटसरूंना आजही फुकट चहा मिळतो. दोन्ही गावं पाठोपाठ पाहणाऱ्याला फरक सांगावा लागत नाही. त्सुमागोत लाकडाचं अख्खं गाव एका ठिणगीच्या अंतरावर आहे, हीसुद्धा मागोमेची आठवण.

आता

नागिसोची लोकसंख्या चार हजारांच्या आतबाहेर आली आहे आणि उतरतेच आहे. मुलं शिकायला जातात ती परतत नाहीत. गावाला काम आहे: खाणावळी आहेत, हिनोकीच्या पट्ट्यांच्या विणलेल्या टोप्या आहेत, लेथवर कातलेली लाकडी भांडी आहेत. पण काम आहे म्हणून माणूस राहतोच असं नाही. मालक जातो, वारस शहरात, घर बंद.

इथे तीन नकारांपैकी दोन गावाच्याच पायात येतात. विकायचं नाही आणि भाड्यानं द्यायचं नाही, तर बंद घरात राहायला येणार कोण? ज्याला इथे येऊन राहायची, सुतारकी शिकायची, चूल पेटती ठेवायची इच्छा आहे, त्यालाही तेच दार बंद आहे जे १९७१ मध्ये शहरी दलालासाठी लावलं होतं. सनदेला मोडीत काढावं असं मी म्हणणार नाही. तिच्याशिवाय आज जपायला काही उरलंच नसतं, आणि दलाल अजूनही आहेत. पण 'भाड्यानं द्यायचं नाही' याचा अर्थ ज्या भीतीतून आला, ती भीती आणि आजची भीती एक नाही. त्या नियंत्रण समितीलाच उद्या ठरवता येईल की घर कुणाला द्यायचं, किती वर्षांसाठी, आणि चूल रोज पेटेल या अटीवर. खिडकीच्या गजांचा निकाल ज्यांनी शेजारधर्मानं लावला, त्यांना हेही जमेल असा माझा विश्वास आहे.

कारण कामाला माणसं लागतात, आणि ती घरातलीच लागतात. फळ्यांच्या छपराची दर काही वर्षांनी शाकारणी करावी लागते. एक जण वर चढतो आणि गोटे एकेक करून खाली देतो. खाली दुसरा ते झेलतो आणि ओळीनं मांडून ठेवतो. मग फळ्या उचलायच्या, ज्यांची वरची बाजू झिजली त्या उलटून लावायच्या, कुजलेल्या काढून नव्या घालायच्या, आणि तेच गोटे पुन्हा वर चढवायचे. एकट्यानं होत नाही. तेराशिताच्या रांगेत एखादं घर बंद असेल तर त्याच्या छपरावरचे गोटे अजून जागच्या जागी आहेत, खालच्या फळ्या ओल धरून बसल्या आहेत.